सुळे आले, आत्मा मागेच राहिला

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’तून (१८९७) मराठी भयकथेने सुळे, लसूण आणि शवपेटी उचलली. कादंबरीचा कणा मात्र उचलला नाही. रक्तपिपासू झालेल्या ल्यूसीच्या काळजात खुंटी ठोकल्यावर तिचा चेहरा पुन्हा तिचा होतो. स्वतः बाधित असलेली मीना पाठलागावर निघालेल्या पुरुषांना बजावते, की त्या ड्रॅक्युलाचीही कीव करा. आणि धुळीला मिळताना त्याच्याही चेहऱ्यावर शांतता उमटते. रक्तपिपासूला मारायचं ते त्याला सोडवण्यासाठी, हा त्या कथेचा ख्रिस्ती गाभा. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये (१९७५) फादर कॅलहनच्या हातातला क्रूस निष्प्रभ होतो, कारण धरणाऱ्याचीच श्रद्धा डळमळलेली असते. पुढच्याच वर्षी ॲन राइसने पिशाच्चालाच आत्मकथन करायला बसवलं.

आपल्याकडे नारायण धारपांची (१९२५–२००८) ‘लुचाई’ ‘सालेम्स लॉट’च्या छायेत लिहिली गेली, हे त्यांचे चाहतेही मोकळेपणी सांगतात. उसनवारीची मला तक्रार नाही. साध्या, ओळखीच्या घरात दिवेलागणीला भय कसं शिरवावं, हे धारपांइतकं कुणाला साधलेलं नाही. प्रश्न असा, की क्रूस काढला तर त्या जागी ठेवायचं काय? धारपांच्या इतर लेखनातलं उत्तर म्हणजे ‘समर्थ’ हा त्यांचा नायक. सातारा-सांगलीच्या वाचकाला हे नाव ऐकताच समर्थ रामदासांचा सज्जनगड आठवणार. रामदासांच्या अकरा मारुतींपैकी बहुतेक याच दोन जिल्ह्यांत आहेत: चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे. तिन्हीसांजेला भीमरूपी म्हणून भुताची भीती घालवणारी पिढी कृष्णेच्या याच खोऱ्यातली. धारपांचा समर्थही असाच वेशीवर उभा राहतो. बाहेरून आलेलं अमंगळ तो परतवून लावतो आणि घर पुन्हा सुरक्षित होतं.

आणि माझ्या मते इथेच ही परंपरा अडते. राखण झाली, पण त्या पिशाच्चाचं पुढे काय? त्याला गती मिळाली का, हा प्रश्न बहुतेक समर्थकथांच्या कक्षेतच येत नाही. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) भय माणसाच्या मनात आणलं, ही मोठी झेप. पण त्यांच्याकडे शिक्षा आहे, सुटका क्वचितच.

गंमत अशी, की पिशाच्चाच्या सुटकेची ही गोष्ट कृष्णाकाठच्या जुन्या ग्रंथात आहे. गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायातली शिरोळची स्त्री पाहा. तिची मुलं जन्मून मरतात, कारण गेल्या जन्मी तिने ज्या ब्राह्मणाचे पैसे बुडवले आणि ज्याने त्यापायी जीव दिला, तोच पिशाच्च होऊन तिचा वंश खातो आहे. ती औदुंबराची सेवा करते. स्वप्नात गुरू त्या पिशाच्चाला दरडावतात; पण नुसतं हाकलत नाहीत. ती ऐपतीप्रमाणे देईल ते घे, असं त्याला सांगतात आणि तिच्याकडून त्याची उत्तरक्रिया करवून त्याला गती देतात. इथे पिशाच्च हा धनको आहे, बाधित स्त्री ऋणको आहे, आणि दोघंही एकदमच सुटतात. एवढी गुंतागुंतीची नैतिक मांडणी मला एकाही आधुनिक मराठी भयकथेत सापडलेली नाही.

मराठी ख्रिस्ती लेखकांनी तरी हा धागा का धरला नाही? बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) पाप आणि तारण हे विषय मराठी गद्यात आहेत, पण तिथलं पाप म्हणजे विधवांवर समाज करतो तो छळ. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसवले. त्यांचा ख्रिस्त अभंगातला, सद्गुरूसारखा जवळचा; भूत काढणारा ख्रिस्त त्यांना फारसा नको असावा. मिरजेत मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी आजाराला दवाखान्याचं उत्तर दिलं. भुताखेतांना साहित्यात जागा देणं या मंडळींना मागे जाणंच वाटलं असेल, आणि मी त्यांना दोष देत नाही.

कारण बाधा या मुलखात निव्वळ कथेतली गोष्ट नव्हती. मिरजेत डॉक्टर झालेल्या आणि साताऱ्यातून काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीची आहे: दोराने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं. हे वाचल्यावर ल्यूसीच्या छातीतली खुंटीही वेगळी दिसते. बाधित शरीर पुन्हा बाईचंच, आणि हत्यार पुरुषांच्याच हातात. आजच्या भयकथालेखकाला हे टाळून चालणार नाही.

‘तुंबाड’ हा चित्रपट (२०१८) हिंदीत बनला तरी त्याची माती मराठी, आणि मला दिसलेली एकमेव खरी वाट त्यातच आहे. शाप लागलेल्या म्हातारीला आग हीच मुक्ती; आणि शेवटी बापाने पुढे केलेला खजिना मुलगा नाकारतो. मुलाचं नाव पांडुरंग आहे. त्याच्या हातात ना ताईत, ना मंत्र. लोभाला दिलेला नकार एवढीच त्याची श्रद्धा.

मराठी भयकथा आज ध्वनिकथांतून पुन्हा जोरात ऐकली जाते आहे, पण तिचा भर अजून दचकवण्यावरच आहे. नव्या लेखकांनी किंग जरूर वाचावा. त्याआधी गुरुचरित्राचा विसावा अध्याय वाचावा आणि त्याच्याशेजारी २०१३चा कायदाही ठेवावा.