चौकटीबाहेरचा वसंत

छायाचित्राची समीक्षा साहित्याच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाच्या मनात येईल. परंतु आपल्या घरांतून कवितासंग्रहांपेक्षा फोटोंचे आल्बमच अधिक जपले जातात, आणि वसंतातील फेरफटक्याचा कौटुंबिक फोटो हा तर एक रूढ प्रकारच होऊन बसला आहे. फुललेले झाड, त्यापुढे उंचीप्रमाणे उभी केलेली मुले, कडेला आई, आणि वडील चित्रात नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. भावगीताला जसे संकेत असतात तसे यालाही आहेत. मग त्याला वाङ्मयाची कसोटी का लावू नये?

मी ज्या फोटोविषयी लिहिणार आहे तो आमच्याच घरातला. आम्ही मूळचे वसईचे. वडील नोकरीनिमित्त काही वर्षे नंदुरबारला होते. फोटोच्या पाठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘कोरीट, जि. धुळे, मार्च १९७८’ अशी नोंद आहे. (नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.) रविवारी सकाळी नंदुरबारहून निघून कोरीटच्या शेतांतून चालत जायचे, उत्तरेला तापीपलीकडे सातपुड्याची निळसर रेघ दिसते का ते पाहायचे, आणि ऊन तापण्याआधी परतायचे, असा आमचा क्रम होता. कॅमेरा आग्फा क्लिक-३, बडोद्यात तयार झालेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. बाराच असल्याने वडील प्रत्येक फोटोपूर्वी बराच वेळ नुसते उभे राहत, आणि आम्ही कंटाळून जात असू.

फोटोत निष्पर्ण पळस आहे. रोल कृष्णधवल, त्यामुळे पळसाचे सुप्रसिद्ध केशरी तेज त्यात औषधालाही नाही. मला हा या चित्राचा पहिला गुण वाटतो. आजच्या रंगीत फोटोंत पळस म्हणजे केवळ रंग असतो. येथे रंग हरपल्यामुळे फुलाचा आकार दिसतो. पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी, मखमली काळसर देठ, आणि एका फांदीवर मध प्यायला आलेली मैना. कवीने विशेषणे गाळली की नाम उजळते, तसेच हे आहे.

दिवाणखान्यात मात्र हा फोटो नाही. आहे ती त्याची मोठी प्रत. स्टुडिओने चौकोनी चित्र आयताकृती कागदावर उतरवताना दोन्ही बाजू छाटल्या. व्यवसायाच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. चौकटी आयताकृतीच मिळत. पुढे कित्येक वर्षांनी आल्बममधील मूळ छोटी प्रत हाती आली, तेव्हा डाव्या कडेला आणखी एक झाड दिसले. ते मोहाचे. त्याखाली एक बाई वाकून फुले वेचते आहे, शेजारी टोपली, आणि पाठीशी बांधलेले मूल सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

मोहाची फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. ती उन्हाने सुकण्याआधी, गुरांनी खाण्याआधी वेचावी लागतात. म्हणून वेचणारे अंधारातच घर सोडतात. म्हणजे आमचा फेरफटका सुरू झाला तेव्हा तिचे निम्मे काम आटोपले असावे. मोठ्या प्रतीतून ही बाई गेली आणि तिच्याबरोबर त्या सकाळची वेळही गेली. उरला तो केवळ ‘वसंत’. एकाच निगेटिव्हच्या या दोन प्रती शेजारी ठेवल्या की एक चित्र ठरते आणि दुसरे सजावट.

येथे एक अडचण आहे, आणि ती टाळणे बरोबर नव्हे. वडिलांनी त्या बाईला हेतुपुरस्सर चित्रात घेतले होते काय? मला तसे वाटत नाही. त्यांचे लक्ष आमच्याकडे होते. ती आली ती कॅमेऱ्याच्या चौकोनामुळे. मग श्रेय कोणाचे? कर्त्याच्या हेतूबाहेरचे सौंदर्य कवितेत आपण मान्य करतो. येथेही करावे, एवढेच मी म्हणेन.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील चैत्रात दुर्गाबाई पिंपळाच्या पालवीइतक्याच आस्थेने घाणेरीपाशीही थांबतात. जिला पाहून आपण नाक मुरडतो आणि फोटोच्या वेळी जिच्यापासून मुलांना दूर ओढतो, ती घाणेरी. त्यांच्या गद्याचे सामर्थ्य निवडक झाडांच्या शोभेत नसून महिन्यामागून महिना पाहत राहण्यात आहे. कॅमेऱ्याला हा काळ सहजी सापडत नाही. बारा फोटोंच्या रोलने निदान थांबायला लावले होते; आज भ्रमणध्वनीवर शंभर फोटो निघतात आणि शंभरांतही एकच क्षण असतो.

याच जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीचे फोटो आता सर्वत्र दिसतात. मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे, आणि पहाटे पेटलेला उंच बांबू. चित्रे देखणी आहेत. परंतु हे बुध्या आणि मोरखी होणारे पुरुष त्याआधी काही दिवस खाटेवरसुद्धा न बसण्याचे पथ्य पाळतात, हे एकाही चित्रातून मला कळले नाही; ते वाचून कळले. आपण ज्यांचा प्रायश्चित्तकाळ याच दिवसांत येतो (२०२४ साली तर होळीनंतर आठवड्याभरात, ३१ मार्चला, ईस्टर आला), त्या वाचकांना यातील उणीव समजावून सांगायला नको. सण दिसतो, उपास दिसत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांचेही तेच: लाल गालिचा दिसतो, देठ खुडणाऱ्या बाईच्या बोटांची आग दिसत नाही. छायाचित्रकाराला सर्व काही दाखवता येत नाही हे मान्य. पण दोन पावले मागे सरणे त्याच्या हाती असते.

मूळ प्रत मी गेल्या वर्षी आईला दाखवली. भिंग घेऊन तिने बराच वेळ पाहिले. त्या बाईने पळसाच्या पानावर ओंजळभर फुले आम्हां मुलांपुढे धरली होती, असे ती म्हणाली. आम्ही ती खाल्ली की नाही, हे मात्र तिला आठवत नाही. दिवाणखान्यातली चौकट तूर्त भिंतीवरच आहे; चौकोनी चौकट करणारा अजून मिळालेला नाही.