वारंवारता जास्त, म्हणून वेग जास्त?

वाय-फाय राउटरच्या जाहिरातींत आणि अनेक लोकप्रिय लेखांत एक छोटा तक्ता हमखास आढळतो. २.४ गिगाहर्ट्झ : पल्ला लांब, वेग कमी. ५ गिगाहर्ट्झ : पल्ला कमी, वेग जास्त. राउटर घेणाऱ्याला ढोबळमानाने हा तक्ता उपयोगी पडतो. आमचा आक्षेप आहे तो त्यासोबत दिल्या जाणाऱ्या कारणांवर. ‘वारंवारता जास्त, म्हणून माहिती वेगाने जाते’ हे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना चटकन पटते. ते चूक आहे, आणि एकदा मनात बसले की निघता निघत नाही.

दोन्ही लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, जातात. मग माहितीचा वेग कशावर ठरतो? वाय-फायचा इतिहासच पाहा. १९९९ साली दोन मानके आली : ‘बी’ २.४ गिगाहर्ट्झवर, सेकंदाला ११ मेगाबिट. ‘ए’ ५ गिगाहर्ट्झवर, ५४ मेगाबिट. येथवर तक्ता खरा वाटतो. पण २००३ साली ‘जी’ मानकाने २.४ गिगाहर्ट्झवरच ५४ मेगाबिट गाठले! वारंवारता तीच होती. बदलली होती ती लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत.

तरीही आज ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, तो का? क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले की माहितीचा कमाल वेग वाहिनीच्या रुंदीवर आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेश किती सशक्त आहे यावर ठरतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. एकमेकींवर न चढणाऱ्या २० मेगाहर्ट्झच्या तीनच वाहिन्या त्यात सहसा वापरतात. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी तेथेच. याउलट ५ गिगाहर्ट्झ भागात भारताने २०१८ साली ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. तेथे ८० मेगाहर्ट्झची वाहिनीही मावते. वेग येतो तो या ऐसपैस जागेमुळे.

पल्ल्याचेही तसेच. ‘वरची लहर हवेत लवकर थकते’ असे सांगितले जाते. घराएवढ्या अंतरात हवा दोन्ही लहरींना जवळजवळ सारखीच पारदर्शक असते. मात्र तरंगलांबी १२.५ सेंटिमीटरवरून ६ सेंटिमीटरवर आली की त्याच प्रकारचा अँटेना निम्म्या लांबीचा होतो आणि सुमारे चौथाई क्षेत्रातलीच शक्ती टिपतो. शिवाय विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती वरच्या वारंवारतेला साधारणपणे अधिक अडवतात.

तक्त्याची आणखी एक उणीव म्हणजे कमी पल्ला हा दोषच मानला जातो. जाड भिंतींच्या घरात एकच राउटर असेल तर तो दोष खराच. पण दाट वस्तीच्या इमारतीत किंवा कार्यालयात शेजारच्या लहरी भिंतीत अडल्या तर आपल्या वाहिनीवरची गर्दी कमी होते. तेथे तोच गुण ठरतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. राउटरचे दोन्ही पट्टे सुरू करून फोनवर संदेशाची शक्ती मोजणारे एखादे ॲप घ्यावे, खोलीगणिक आकडे विद्यार्थ्यांकडून टिपून घ्यावेत आणि मग तो तक्ता फळ्यावर लिहावा. त्यातले काय खरे आणि कशामुळे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.