छेद कोणता धरायचा?

अपूर्णांकात अंश खरा असला, पण छेद चुकीचा धरला, तर किती भलते उत्तर येते याचा एक नमुना करोनाच्या काळात पाहायला मिळाला. ‘लस घेतलेल्या ८२ टक्के गर्भवतींचा गर्भपात झाला’ हे विधान २०२१ मध्ये अनेक देशांत फिरले. भामरागड किंवा जिवती तालुक्यातल्या टोल्यावर लसीची गोष्ट काढणाऱ्या आशा कार्यकर्तीला अशा भीतीला उत्तर द्यावे लागते. तेव्हा हे विधान आपण तपासून पाहू.

त्याचा उगम एप्रिल २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकी निबंधात आहे. त्यात पूर्ण झालेल्या, म्हणजे प्रसूतीने वा अन्य प्रकारे संपलेल्या, ८२७ गर्भारपणांची नोंद होती. त्यांपैकी १०४ गर्भपात २० आठवड्यांच्या आत झालेले होते. भागाकार केला की १२.६ टक्के येतात. टीकाकारांनी आक्षेप घेतला, की यांतल्या ७०० जणींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतली होती. २० आठवडे केव्हाच उलटलेल्या या स्त्रिया छेदात कशा? आक्षेप बरोबर होता. पण मग त्यांनी ७०० वजा करून छेद १२७ धरला आणि ८२ टक्के काढले. हेही चूकच.

का ते पाहा. ही पाहणी अवघी अकरा आठवड्यांची होती. आठव्या आठवड्यात लस घेतलेल्या स्त्रीचे गर्भारपण सुखरूप चालू असेल, तर ती तोवर बाळंत होणेच शक्य नव्हते. ती ‘पूर्ण झालेल्यांत’ आलीच नाही. गर्भपात झालेली मात्र लगेच मोजली गेली. तीन तासांच्या पेपराला पहिल्या अर्ध्या तासात उठून गेलेल्यांपैकी बहुतेक नापास झाले, म्हणून सारा वर्ग नापास म्हणावा, तसेच हे! पुढे त्या नियतकालिकाने निबंधात दुरुस्ती केली. चालू गर्भारपणे धरून केलेल्या नंतरच्या अभ्यासात २,४५६ स्त्रिया होत्या. त्यांत ६ ते २० आठवड्यांतील गर्भपाताची शक्यता १४.१ टक्के निघाली. लसीविनाही साधारण इतकेच गर्भपात होतात.

परिणामकारकतेलाही हीच कसोटी लावू. स्कॉटलंडमध्ये अतिदक्षता विभागात जावे लागलेल्या करोनाबाधित गर्भवतींपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. पण मुळात कोणीच लस घेतली नसती, तर हा आकडा निरर्थक ठरला असता. तेथे ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसूत झालेल्यांपैकी ३२.३ टक्के स्त्रियांनी दोन डोस घेतलेले होते. हा छेद कळल्यावरच ९८ ला वजन येते.

लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सूट नको. वरील अमेरिकी अभ्यास एम-आरएनए लसींचे होते; आपल्याकडे दिल्या गेल्या त्या मुख्यतः कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. हा फरक लोकांना स्पष्ट सांगायला हवा होता. मुख्य चाचण्यांतून गर्भवतींना वगळल्यामुळे आपल्या लसींचा थेट पुरावा सुरुवातीला तुटपुंजा राहिला. गर्भवतींना लसीची परवानगी २ जुलै २०२१ ला मिळाली, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदीत बाधित गर्भवती व प्रसूत स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसरीत ५.७ टक्के होते. येथेही छेद रुग्णालयात नोंदल्या गेलेल्यांचा आहे, सर्व बाधितांचा नव्हे. तरीही वाढ डोळ्यांआड करण्याजोगी नाही. वगळणे म्हणजे सुरक्षितता, असे आम्हांला वाटत नाही.

खरा छेद मिळवायचा तर गावातले प्रत्येक गर्भारपण नोंदून शेवटपर्यंत त्याचा माग ठेवावा लागतो. गडचिरोलीला हे नवे नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तुलनेसाठी ४७ गावांत मोजणी केली, आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. जंगलातल्या गावांत हे जमते, तर लसीच्या बाबतीतही जमायला हवे.

शिक्षकांनी शेकडेवारी शिकवताना ८२७, ७०० आणि १०४ हे तीन आकडे फळ्यावर लिहावेत. चूक कोठे आहे, ते मुलांनाच शोधू द्यावे.