'विकेंद्रित' आणि 'संघीय' : दोन संज्ञांचा भेद

समाजमाध्यमांविषयीच्या मराठी लेखनात 'विकेंद्रित' आणि 'संघीय' ही विशेषणे समानार्थी असल्याप्रमाणे योजली जातात. हा प्रयोग सदोष आहे, आणि दोष केवळ कोशापुरता नाही. २०२० साली निघालेल्या 'कू' या माध्यमात मराठीसह अनेक भारतीय भाषांना स्थान होते. परंतु मालकी एका कंपनीची असल्यामुळे जुलै २०२४ मध्ये तिने ते बंद करण्याचे ठरविताच त्या सर्व भाषांतील व्यवहार एकदमच संपुष्टात आला. भाषांची विविधता म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे.

'विकेंद्रीकरण' हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला तो मुख्यत्वे पंचायत राज्यामुळे. १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था अंमलात आली. शहापूर व मुरबाड या शेजारच्या तालुक्यांच्या पंचायत समित्या वेगळ्या. दोन्ही वरच्या बाजूस ठाण्याच्या जिल्हा परिषदेशी जोडलेल्या. त्यांचे अधिकार राज्याच्या अधिनियमाने दिलेले आहेत आणि राज्य त्या विसर्जितही करू शकते. अर्थात् येथे सत्तेचे वाटप आहे, समानांचा करार नाही.

'संघीय' या शब्दाची अडचण उलट प्रकारची आहे. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील 'राज्यांचा संघ' हा करारातून निर्माण झालेला नाही व कोणत्याही राज्यास त्यातून फुटून निघता येत नाही, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. समाजमाध्यमांच्या संदर्भात 'संघीय' म्हणावयाचे ते नेमके याच्या विरुद्ध असते : घटक स्वेच्छेने जोडले जातात व स्वेच्छेने तुटतात.

याला जवळचे उदाहरण शासनव्यवस्थेत नव्हे, बोलींत सापडते. शहापूर-मुरबाडच्या परिसरात ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी यांच्या बोली नांदतात. बाजारात त्या एकमेकींशी व्यवहार करतात. त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही, परस्परबोध पुरतो. (प्रमाण मराठी हे केंद्र आहेच, पण ते शाळेत आणि कचेरीत.) २०१६ साली सुरू झालेल्या 'मॅस्टोडॉन'ची रचना अशीच आहे. कोणीही स्वतःचा सर्व्हर उभारावा, त्याचे नियम स्वतः ठरवावे, आणि जानेवारी २०१८ मध्ये जागतिक प्रमाण म्हणून मान्य झालेल्या 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' या सामाईक संकेताने इतर सर्व्हरांशी बोलावे. एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीच्यांचा संवाद चालू राहतो.

तथापि संघीय जाळे विकेंद्रित असतेच असे नाही. 'मेटा' कंपनीचे 'थ्रेड्स' हे २०२४ पासून काही प्रमाणात याच संकेताने बोलू लागले; एकच घटक एवढा मोठा झाला की करार तसाच राहूनही केंद्र तयार होते. शिवाय प्रत्येक सर्व्हरच्या आत चालकाची सत्ता जवळजवळ निरंकुश असते. 'मॅस्टोडॉन'वर वापरकर्त्यास घर बदलता येते, अनुयायीही बरोबर नेता येतात; पूर्वीचे लेखन मात्र जुन्या चालकाकडेच राहते.