‘तारण’ : एका संज्ञेची दोन अर्थक्षेत्रे

मराठी ख्रिस्ती परिभाषेची चर्चा बहुधा दोन टोकांवर थांबते. ही परिभाषा म्हणजे कृत्रिम ‘मिशनरी मराठी’ होय, असा आक्षेप एका टोकाला असतो. संस्कृतोद्भव शब्द ही केवळ रिकामी पात्रे असून त्यांत नवा आशय ओतता येतो, असे समर्थन दुसऱ्या टोकाला. ‘तारण’ या एका संज्ञेचा मागोवा घेतला तरी ही दोन्ही गृहीतके अपुरी ठरतात.

सांगलीहून विश्रामबागमार्गे मिरजेकडे जाणाऱ्या टापूत हा शब्द दोन अर्थांनी वावरत आला आहे. पतसंस्थांच्या व्यवहारात तो कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू दर्शवितो : ‘सोनेतारण’, ‘विनातारण’. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभारले. विश्रामबागेलगतच्या वानलेसवाडीने त्यांचे नाव जपले आहे. त्या परंपरेतील उपासनेच्या भाषेत मात्र ‘तारण’ हा पापापासूनच्या सुटकेचा वाचक आहे.

‘तॄ’ म्हणजे ओलांडणे, तरून जाणे. ‘तारण’ म्हणजे पैलतीरी नेणे. ‘तीर्थ’ आणि ‘अवतार’ हे शब्दही याच धातूचे. भवसागर, नौका आणि नावाडी हे संतकाव्याचे सारे प्रतिमाविश्व या संज्ञेमागे उभे आहे. ख्रिस्ती परिभाषेने ‘अवतार’ शब्दापासून अंतर राखून ‘देहधारण’ पसंत केले, कारण अवतार अनेक असू शकतात. त्याच धातूचे ‘तारण’ मात्र निःशंकपणे स्वीकारले. शब्दांची निवड म्हणजेच सिद्धान्ताची निवड असते, याचा हा बोलका पुरावा होय.

मूळ ग्रीक ‘सोटेरिया’ या संज्ञेत नदी नाही. तेथे अखंड, सुरक्षित, धडधाकट असण्याची कल्पना आहे. म्हणूनच ‘सोझो’ हे क्रियापद शुभवर्तमानांत रोगमुक्तीसाठीही येते. मार्काच्या पाचव्या अध्यायातील रुग्ण स्त्रीला आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीला येशू ग्रीकमध्ये एकच वाक्य उच्चारतो. प्रचलित मराठी भाषांतरात पहिलीसाठी ‘बरे करणे’ आणि दुसरीसाठी ‘तारणे’ येते. देह आणि आत्मा यांची जी फाळणी मुळात नाही, ती मराठीत घडते. रुग्णसेवा आणि धर्मकार्य यांचा सांधा जेथे प्रत्यक्ष जगला गेला, त्या मिरजेच्या संदर्भात ही हानी विशेष जाणवते.

परंतु भाषा एका हाताने काढून घेते ते दुसऱ्या हाताने परतही करते. मराठीत कर्ज ‘बुडते’. ते बुडू नये म्हणून ‘तारण’ घेतले जाते. सावकारी अर्थ हा आध्यात्मिक अर्थाचा अपभ्रंश नसून त्याच जलप्रतिमेचा ऐहिक विस्तार म्हणता येईल. बायबलमध्येही हे दोन व्यवहार वेगळे नाहीत. अरामी ‘होबा’ शब्दात ऋण आणि पाप हे दोन्ही अर्थ आहेत. मत्तयाच्या प्रार्थनेत ‘ऋण’ येते. ग्रीक ‘लुत्रोन’साठी मराठीत ‘खंडणी’ हा शब्द वापरला गेला. ग्रीकमधील आरोग्याचा अर्थ ‘तारण’ने गमावला, हिशेबाचा अर्थ मात्र भाषांतरकारांनी योजला नसतानाही मिळविला. तरीही हे ऋण वैदिक ऋणत्रयासारखे नव्हे. ऋणत्रय कर्तव्याने फेडावयाचे असते. येथे ते दुसराच कोणी फेडतो.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ‘मुक्ती’ आणि ‘वैकुंठ’ यांसारख्या शब्दांशेजारी पोर्तुगीज संज्ञाही ठेवल्या. परकेपण न लपविण्याचा तो मार्ग होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकारामाला ख्रिस्ताकडे नेणारा सेतू मानले. ही प्रतिमाही पाणी ओलांडण्याचीच आहे. तिच्यात ‘तारण’ हा उसना शब्द राहत नाही.

म्हणून ‘तारण’ऐवजी ‘मोक्ष’ योजावा, ही सूचना स्वीकारता येत नाही. ‘मोक्षा’त सुटका आहे, परंतु बुडणारा, त्याला काढणारा आणि त्यासाठी मोजलेली किंमत ही तिन्ही एकत्र नाहीत. भाषांतरित संज्ञेचे मूल्य मूळ अर्थाशी असलेल्या तंतोतंत साम्याने ठरत नाही. ती नव्या भाषेत कोणते संबंध जागे करते आणि कोणते मिटविते, यावरून ठरते.