नेमोचा अखेरचा शब्द

जूल्स व्हर्न हा फ्रेंच कादंबरीकार भारतात कधीच आला नाही. तरीही १८७२ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीत मुंबईहून निघणाऱ्या आगगाडीचा मार्ग सांगताना त्याने ठाण्याचे आणि कल्याणचे नाव घेतले आहे. टेंभी नाक्यावरच्या वाचकाला याचे कौतुक वाटणारच. परंतु व्हर्नचे आपल्या देशाशी असलेले खरे नाते त्या आगगाडीत नाही. ते समुद्राच्या पोटात, कॅप्टन नेमोच्या ‘नॉटिलस’ या गुप्त पाणबुडीत आहे.

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, तेव्हापासून आपल्या कित्येक घरांत ही पाणबुडी येऊन गेली आहे. बालवाचकाच्या मनात राहतात ते विजेवर चालणारे ते अद्भुत जहाज, त्यातील ग्रंथालय आणि महाकाय सागरी प्राण्याशी झालेली झुंज. गोष्ट बहुधा तेथेच थांबते. माझे म्हणणे असे की, ती तेथे थांबवली तर नेमो आपल्याला कळतच नाही.

हा नेमो कोण? व्हर्नच्या मूळ कल्पनेत तो पोलंडचा सरदार होता. १८६३ च्या उठावात रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले, असा. प्रकाशक हेटझेल यांना हे अडचणीचे वाटले. म्हणून १८६९-७० मध्ये क्रमशः आलेल्या पहिल्या कादंबरीत त्याचा देश गुप्तच राहिला. पुढे ‘रहस्यमय बेट’ (१८७४-७५) या कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार ठरला. १८५७ च्या उठावात त्याने आईवडील, पत्नी व दोन मुले गमावली होती. त्याला टिपू सुलतानाचा भाचा म्हणण्यात व्हर्नचा इतिहास घसरतो. दोन्ही कादंबऱ्यांतील सालेही जुळत नाहीत. पण व्यक्तिरेखा मात्र जुळते. पहिल्याच कादंबरीत सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीयाला वाचवण्यासाठी नेमो शार्कच्या अंगावर जातो आणि त्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवतो. प्रवाळाच्या वनात तो आपल्या सहकाऱ्याला मूठमाती देतो, तेथे तांबड्या प्रवाळाचा क्रूस उभा आहे.

हाच माणूस पुढे एक युद्धनौका तिच्यावरील सर्वांसह बुडवतो. नंतर आपल्या खोलीत पत्नीच्या आणि लेकरांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. जे दुःख त्याला त्या पाणबुड्याचा भाऊ करते, तेच त्याला शेकडो अनोळखी खलाशांचा काळ बनवते. व्हर्नने यातले काहीही झाकले नाही, हे त्याचे मोठेपण.

‘रहस्यमय बेटा’त तीच पाणबुडी दुसऱ्या कामाला लागते. बेटावर अडकलेल्या माणसांना हत्यारांची पेटी सापडते. तापाने मरणाऱ्या मुलाच्या उशाशी कोयनेल येऊन पडते. देणारा दिसत नाही. सूडासाठी पत्करलेली गुप्तता आता दानासाठी उपयोगी पडते. डाव्या हाताला न कळू देता उजव्या हाताने द्यावे, ही शिकवण ज्यांनी बालपणापासून ऐकली, त्यांना हा बदल समजावून सांगावा लागत नाही.

मात्र शेवटी व्हर्नशी माझा मतभेद आहे. मरणशय्येवरील नेमो आपला जीवनवृत्तांत सांगून निवाडा मागतो. अभियंता सायरस स्मिथ त्याला म्हणतो की, तुमची चूक ही की तुम्ही भूतकाळ परत आणू पाहिलात, अटळ प्रगतीशी लढलात. म्हणजे परकी सत्ता ही प्रगती आणि स्वातंत्र्याची इच्छा ही चूक! एकोणिसाव्या शतकातील युरोपीय माणूस येथे बोलून जातो. नेमोचा अपराध देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढण्यात नव्हता. बुडत्या जहाजावरील माणसांकडे पाहत राहण्यात होता. लेखकाने बोट चुकीच्या जागी ठेवले आहे.

हस्तलिखितात नेमोचा अखेरचा शब्द ‘स्वातंत्र्य’ असा होता. हेटझेल यांच्या आग्रहाने छापील पुस्तकात तेथे देवाचे व मायभूमीचे नाव आले. आपल्यासारख्या श्रद्धाळू वाचकांना हा बदल सुखावेल. मला तो खटकतो. दुसऱ्याने तोंडी घातलेल्या देवनामापेक्षा त्या आजारी मुलाच्या उशाशी ठेवलेले औषध देवाच्या अधिक जवळचे आहे.

आमच्या धर्मग्रामातील मुलांना सुट्टीत ही कथा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, “नेमो स्वर्गात गेला असेल का?” मी म्हणालो, “तो निवाडा आपला नाही.” उत्तर खरे होते, पण अपुरे होते. मग मी तिला दुसरी कादंबरी वाचायला दिली. पालकांनीही आपल्या मुलांना हे दोन्ही ग्रंथ एकापाठोपाठ द्यावेत, आणि तिचा प्रश्न घरी जेवणाच्या वेळी निघू द्यावा.