अस्मिता, सहभाग आणि आरोग्यातील विषमता : एका इंग्रजी निबंधाचे परीक्षण

लोकसहभाग वाढला म्हणजे आरोग्यातील विषमता घटेल, हे गृहीत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आरोग्यधोरणात मोठ्या विश्वासाने मांडले गेले. कॅथरीन कॅम्बेल व कार्ल मॅक्लीन यांच्या २००२ सालच्या निबंधाने हे गृहीत दक्षिण इंग्लंडमधील एका दरिद्री वस्तीत तपासून पाहिले, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. आफ्रिकन-कॅरिबियन वंशाच्या २५ रहिवाशांच्या मुलाखतींवरून त्यांना असे आढळले की, आप्तेष्टांच्या वर्तुळात वंशीय अस्मिता प्रभावी असली, तरी तिच्या बळावर माणसे स्थानिक संस्थांच्या कार्यात ओढली जातातच असे नाही. अस्मिता म्हणजे संघटन नव्हे, हा भेद धोरणकर्त्यांच्या ध्यानी क्वचितच आलेला असतो.

परंतु निबंधाची दृष्टी वस्तीच्या सीमेपाशी थांबते, आणि हेच त्याचे वैगुण्य होय. ज्या ‘सामाजिक भांडवला’च्या संदर्भात हा शोध घेतला आहे, त्या कल्पनेला रॉबर्ट पटनम यांच्या इटलीविषयक ग्रंथाने १९९३ मध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली, ती स्वीकारली की सहभाग शोधावयाचा तो मंडळांत आणि शेजारसंबंधांत, असा समज दृढ होतो. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा इतिहास निराळेच सांगतो. (विदर्भातील अभ्यासकांस हा विकार अपरिचित नाही.) इंग्लंडमध्ये तो प्रामुख्याने आफ्रिकन व कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांत आढळतो. त्याहून विरळ अशा फिनिलकीटोन्युरियासाठी तेथे नवजात अर्भकांची तपासणी १९६९ पासून होत आली. सिकल सेलसाठी ती देशभर लागू होण्यास २००६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९७९ मध्ये, लंडनच्या ब्रेंट भागात एलिझाबेथ अनिओन्वू या परिचारिकेच्या पुढाकाराने समुपदेशन केंद्र निघाले व त्याच वर्षी सिकल सेल सोसायटी स्थापन झाली. येथे माणसांना एकत्र आणिले ते शेजाराने नव्हे, आजाराने. आणि त्यांचे मागणे होते ते शासनाने आपले काम करावे एवढेच.

यास्तव ‘हे लोक सहभागी का होत नाहीत?’ या प्रश्नाबरोबरच ‘कशात सहभागी व्हावे, आणि त्यांचे ऐकणार कोण?’ हेही विचारणे प्राप्त होते. संसदीय गटाने २०२१ मध्ये या रुग्णांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात रुग्णालयांतील निकृष्ट शुश्रूषा व वंशद्वेषी वर्तन यांची नोंद आहे. त्याचे शीर्षकच ‘कोणी ऐकत नाही’ अशा अर्थाचे आहे.